बुधवारचं इंजन

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं मळ्यातलं डिझेल इंजन सुरू केलं. गरज काहीच नव्हती. विहिरीवर विजेची मोटर आहे, ठिबक आहे, हरभऱ्याला पाणी देऊन झालं होतं. तरी मी हँडल मारलं, हिनं वरचा खटका सोडला आणि इंजन धडधडायला लागलं. हिनं मान वाकडी करून कान लावला आणि निकाल दिला, "आज जराखं खोकी राहिनं." सर्दी झालेल्या नातवाबद्दल बोलावं तसं. थोडा वेळ चालवून इंजन बंद केलं, वांगी तोडली, घरी आलो. भरीत आणि कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी. भरीत तिखट झालं असं मी म्हणालो. ती म्हणाली, "मंग खाऊ नका." मी पोटभर खाल्लं.

एवढंच. ते आमचं दोघांचं शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गेली. झोपेतच गेली. ते मी शेवटी सांगेन. आधी बाई कशी होती ते ऐका, कारण तशी दुसरी बाई धरणगावपासून धुळ्यापर्यंत नव्हती. आणि असती तर दोघींचं पटलं नसतं.

नाव सरस्वती. पण त्या नावानं तिला कोणी हाक मारली नाही. गाव म्हणायचं इंजनवाली अक्का. मी म्हणायचो मंगलनी माय. मंगल आमची मोठी पोरगी. ती मला म्हणायची संजूना बाप. संजू धाकटा. पोरांच्या नावावर आम्ही सगळा संसार काढला.

तिचा बाप धुळ्याकडचा, पिठाची गिरणी चालवायचा. गिरणी डिझेलवर. हिचा पाळणा गिरणीच्या भिंतीला लागून बांधलेला होता. माझी सासू सांगायची, इंजन चालू असलं की पोर झोपायची, बंद पडलं की रडायची. बाकी पोरांना उलटं असतं. शाळेत घातली तर दुसऱ्या दिवशी पळून आली. म्हणे, तिथं आवाजच नाही.

मला बघायला तिचा बाप आला, तेव्हा हिनं त्याला एकच काम सांगितलं होतं. पोरगा काळा का गोरा ते राहू द्या, त्याच्या मळ्यातल्या इंजनाचा धूर कसा आहे ते बघून या. बाप मळ्यात आला. मला वाटलं विहिरीचं पाणी बघतोय. तो वर तोंड करून धूरच बघत बसला. मग घरी जाऊन सांगितलं, धूर दिसत नाही म्हणून. ही म्हणाली, "मंग करा पक्कं." माझं लग्न इंजनामुळे झालं. त्याआधी दोन ठिकाणी मला नकार मिळालेला होता, तिथं इंजन कोणी पाहिलं नव्हतं.

धुराचं तिचं शास्त्र होतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. म्हणजे ते घर खातं जास्त, करतं कमी. निळा धूर म्हणजे आतून झिजलंय, इंजन स्वतःचंच ऑइल जाळतंय. तसल्या घरात भावाभावांचं आतून जुळत नाही. पांढरा धूर म्हणजे अजून तापलेलं नाही, डिझेल न जळताच बाहेर पडतंय. "पोऱ्या कच्चा शे. साल दोन साल थांबा." गावातली माणसं पोरीसाठी स्थळ बघायला निघाली की हिला गाडीत घालून न्यायची. पुढं विजेच्या मोटरी आल्या आणि हिची पंचाईत झाली. मोटरीला धूर कुठला? तरी ही हटली नाही. बोदवडकडच्या एका घरी चहा-पोहे चालू असताना उठून अंगणात गेली. पोराच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरमध्ये बोट घातलं, बोट उजेडात धरून बघितलं. मग बोट कुठं पुसावं म्हणून इकडं तिकडं बघितलं, तर नवरदेवानं घाबरून स्वतःचा पांढरा रुमाल पुढं केला. तिनं पुसलं आणि आत येऊन सांगितलं, "पोऱ्या चांगला शे." पोरगा चांगलाच निघाला. बोटावर काय दिसलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मला वाटतं, तिनं रुमालच बघितला.

आता तिचं मुख्य तत्त्वज्ञान. ते कळायला इंजन थोडं कळायला पाहिजे. मी चौथी शिकलो, तेव्हा सोपंच सांगतो.

डिझेल असो का पेट्रोल, इंजनाच्या आत एक नळा असतो आणि त्यात दट्ट्या वरखाली होतो. कामं चारच. घेणं, दाबणं, भडकणं, सोडणं. खाली जाताना हवा घेतो, वर येताना दाबतो, मग आत भडका होतो आणि दट्ट्याला खाली ढकलतो, तेवढ्या एका ढकलण्यावर चाक फिरतं. परत वर येताना धूर सोडतो. झालं. फरक आहे तो भडक्यात. पेट्रोलच्या इंजनात पेट्रोल आणि हवा आधीच मिसळून येतात, दट्ट्या त्यांना बेतानं दाबतो आणि वरून प्लग ठिणगी टाकतो. डिझेलला ठिणगी नाही, प्लग नाही. ते नुसती हवा घेतं आणि ती इतकी दाबतं, इतकी दाबतं की हवाच तापून लाल होते. सायकलचा पंप मारताना खालची नळी तापते ना, तसं, पण कितीतरी पट जास्त. मग त्या तापलेल्या हवेत डिझेलची बारीक पिचकारी मारली की ते आपोआप पेटतं.

म्हणून डिझेलचं लोखंड जाड. दाब सोसायचा आहे. जड म्हणून धावत नाही, पण ओझं लावा, चढ लावा, कमी फेऱ्यात ओढतं आणि पितंही कमी. पेट्रोल हलकं, किक मारली की तय्यार, भुर्रकन पळतं. पण मागं ओझं आणि पुढं चढ असला की फेरे वाढवतं, ओरडतं, आणि टाकी रिकामी करतं.

हे झालं इंजनाचं. हिनं ते माणसांना लावलं होतं. "दुन्यामा दोनच जाती शेतस," ती म्हणायची. "एक डिझेल, एक पेट्रोल. पेट्रोलले कोन्ही तरी ठिणगी लावाले लागस. डिझेल सोताना दाबमाच पेटस."

सरपंच पेट्रोल. कोणी काडी लावली की पेटायचा, नाही लावली तर दिवसभर ओट्यावर बसून. शाळेचे जुने गुरुजी डिझेल. माझी बहीण पेट्रोल, "आनि तिना प्लग कायम चालू." मी डिझेल. हे मला बरं वाटायचं. एकदा विचारलं, मला डिझेल का म्हणते? म्हणाली, "सकायले उठाले तरास, चहा पडाशिवाय आवाज नही, आनि उठना का दिवसभर धूर." बिडीवरून बोलली.

दोन पेट्रोलचं लग्न लावू नये, घर जळतं. दोन डिझेलचंही लावू नये, सकाळी कोणीच सुरू होत नाही. असे तिचे नियम. मग तू कोण, असं मी विचारलं की ती चूल फुंकायला लागायची.

नवी सून पाया पडायला आली की ही तिचे दंड चाचपायची आणि सासूला सांगायची, "दाब चांगला शे." पोरी लाजून मरायच्या. एकदा जळगावला डॉक्टरकडं नेली. डॉक्टर म्हणाला, आजी, दाब फार वाढलाय. ही खुर्चीत ताठ बसली. "वाढाव नही का? डिझेल शे मी." तेव्हा कळलं ती कोण ते. गोळ्या घ्यायची ती, पण उपकार केल्यासारख्या.

बसमध्ये बसली तर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. धुळ्याला माहेरी जाताना गाडी चढाला लागली की मागून सूचना. "भाऊ, गिअर पाड. ते मरी राहिनं." काही ड्रायव्हर चिडायचे. एक जण म्हणाला, "अक्का, तुम्हीच चालवा ना मंग." ही म्हणाली, "मी चालावसू, पन तू मागे गप बशीन का?" गाडी हसली. ड्रायव्हरनं गिअर पाडला.

सगळंच तिला बरोबर समजायचं असं नाही हं. भलतंसलतंही पुष्कळ होतं डोक्यात. इंजनाच्या समोर भंगार हा शब्द काढायचा नाही, ते रुसतं, असं तिचं पक्कं मत होतं. आणि जावयाची गोष्ट तर अजून गाव सांगतं.

मंगलचं लग्न झालं, पहिली आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला पोरी माहेरी येतात, झोका, गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सगळं जोरात. सण झाल्यावर जावई धुळ्याहून तिला न्यायला आला. नवी मोटरसायकल. पेट्रोल. तो असा आला की गल्लीतल्या कोंबड्या दुसऱ्या गल्लीत गेल्या. हिनं ओट्यावरून बघितलं आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे मला भीती वाटायला पाहिजे होती.

जावई आमरस खाऊन आडवा झाला. हिनं मळ्यातला डिझेलचा डबा आणला आणि त्याच्या टाकीत ओतला. मनात हिशेब असा, की डिझेल पोटात गेलं म्हणजे गाडी डिझेलसारखी दमानं चालेल, मागं आपली पोर बसलेली आहे.

दुपार उतरल्यावर दोघं निघाली. नळीत आधीचं पेट्रोल होतं तोवर गाडी गेली. मारुतीच्या देवळापाशी तिला उचकी लागली. मग खोकला. मग पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की देवळातले म्हातारे आग लागली म्हणून बाहेर आले. गाडी बंद. जावयानं किका मारून मारून पायजमा फाडला. शेवटी ढकलत परत आणली. धरणगावहून गॅरेजवाला बोलावला. त्यानं प्लग काढला. प्लग तेलात बुडवून काढल्यासारखा चिकट. तो म्हणाला, पेट्रोलच्या इंजनात दाब कमी, तेवढ्यात डिझेल तापतही नाही आणि ठिणगीनं धड पेटतही नाही, नुसतं ओलं करून ठेवतं. टाकीत डिझेल कोणी ओतलं?

सगळ्यांनी हिच्याकडं बघितलं. विचारायचीही गरज नव्हती, डबा अजून हातात होता.

"मी म्हटलं, डिझेल पडनं तं दमानं चाली," ती म्हणाली.

जावई म्हणाला, "मामी, ती चालतच नाही."

"मंग त्यापेक्षा दमानं काय रास?"

टाकी धुवायला, नळ्या साफ करायला दोन दिवस गेले. मंगल दोन दिवस जास्त राहिली. मायलेकी झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या. तेव्हापासून जावयानं टाकीला कुलूप लावलं. आता त्याच्याकडं चारचाकी आहे, ती डिझेलवर चालते. पण आमच्या शिवेत आला की अजूनही गाडी हळू करतो आणि दारात उतरल्यावर आधी म्हणायचा, "मामी, टाकी बंद आहे हं."

आता आमच्या इंजनाकडं येतो. एका नळ्याचं, हळू चालीचं, बाजूला मोठं जड चाक, पट्ट्यावर पंप. माझ्या बापानं घेतलेलं. त्याचा आवाज घरापर्यंत यायचा, मळा गावाला लागूनच आहे. मी तिकडं पाणी भरत असलो की ही घरी भाकरी थापता थापता ऐकायची. मी घरी आलो की सांगायची, आज डिझेलमध्ये कचरा आलाय. जाळी काढून बघितली तर खरंच कचरा. पुढं सांगायची, दुपारी पट्टा उतरला होता आणि तुम्ही तो चढवायच्या आधी बिडी ओढली. मी विचारायचो, बिडी कशी ऐकू आली? तर इंजन किती वेळ बिनओझ्याचं पळत होतं यावरून. एवढ्या वेळात पट्टा चढतो आणि बिडी पण होते, असं तिचं माप. मला घरात चोरून काही करता आलं नाही आणि मळ्यातही नाही.

इंजनाचं एक सुख मात्र होतं. नळा तापू नये म्हणून त्याच्या भोवतीनं विहिरीचं पाणी फिरवतात, ते पाणी तापून दुसऱ्या नळीनं बाहेर पडतं. हिवाळ्यात, पहाटे अंगावर काटा येतो तेव्हा, ते पाणी म्हणजे काय सांगू. आजूबाजूच्या मळ्यातल्या बाया कपड्यांची बोचकी घेऊन यायच्या. घरी बंब होता, पण हिला केस धुवायला तेच पाणी लागायचं. शिकेकाई घेऊन बसायची त्या नळीखाली. म्हणायची, "राणीले बी नही भेटस असं पानी." मग विजेची मोटर बसली. बटण दाबलं की झालं. बाया यायच्या बंद झाल्या. इंजन पत्र्याच्या खोलीत नुसतं उभं राहिलं. गंज चढू नये म्हणून आम्ही ते दर बुधवारी सुरू करायचो, एवढंच.

संजूला त्या खोलीत ठिबकची टाकी आणि खताचं सामान ठेवायचं होतं. पोरगा वाईट नाही, जागा खरंच कमी होती. एक दिवस नशिराबादचा भंगारवाला टेम्पो घेऊन आला. हिनं त्याला खोलीच्या बाहेरच अडवलं. "आत बोलू नका. काय ते बांधवर बोला." बांधावर बोलणं झालं. संजू म्हणाला, "आबा, आते कोन वापरस ते? तुमना हातनं हँडल बी फिराव नही."

मला राग आला. दंडावर हात मारून मी म्हणालो, "ज्या दिवशी मना हातनं हँडलवर सुरू व्हाव नही, त्या दिवशी लई जा. मी तोंड उघडाव नही."

"बोलनात हं आबा."

"बोलनू."

टेम्पो रिकामा परत गेला. हिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या दंडाकडं बघितलं. तो दंड कसा आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

त्याच्या पुढच्या बुधवारपासून हिनं इंजनाची पूजा चालू केली.

हे नवीनच खूळ. बुधवारी दुपार कलली की ही माझ्या आधी मळ्यात जायची. हातात कुंकू, उदबत्तीचा पुडा, डोक्यावर मोठं भगुणं, पाणी तापवायचं पातेलं असतं तसं. पूजेच्या वेळी पुरुषानं आत यायचं नाही असा दंडक. "माणसासनं काम नही. मी हाक देसू तवय या." मी लिंबाखाली बसून राहायचो. पत्र्याच्या फटीतून धूर निघायचा. येणारे-जाणारे विचारायचे, "अक्का, इंजनले निवद काय दखाडतीस?" ती आतून ओरडायची, "डिझेल! तुले देऊ का वाटीभर?"

मग हाक यायची. मी आत जायचो. ती इंजनाच्या डोक्यापाशी उभी, मी चाकापाशी. मला तिच्या बाजूला येऊ द्यायची नाही. "तुम्ही तुमनं हँडल देखा." हँडलच्या इंजनाचं कसं असतं, सुरुवातीला वरचा खटका उचलून धरायचा, म्हणजे आतली हवा निसटते, दाब लागत नाही आणि चाक फिरतं. चाकाला वेग आला की खटका सोडायचा. दाब एकदम बसतो आणि भडका होतो. वेग कमी असताना सोडला तर चाक अडतं, हँडल उलटं मारतं, मनगट मोडतं. म्हणून मी वेग आला की ओरडायचो, "सोड!" ती सोडायची नाही. मी अजून फिरवायचो, दम लागायचा, परत ओरडायचो, "अवं सोड ना!" ती कान लावून उभी. "जराखं थांबा. आते नही." आणि माझी छाती फुटायला आली की टक्‌ करून सोडायची. धाड! धाड! धाड! इंजन चालू. दर बुधवारी पहिल्याच दमात. भर थंडीतसुद्धा.

मग मी मिशीवर हात फिरवत बाहेर यायचो आणि संजू दिसला की त्याला ऐकू जाईल असं खाकरायचो. चहाच्या टपरीवर सांगायचो, या वयात, एकट्याच्या दंडावर, डिझेल इंजन! जवान पोरांना म्हणायचो, या, लावा हात. ही रस्त्यानं जाताना ऐकायची आणि पदर तोंडाला लावून म्हणायची, "दाब शे म्हातारामा." मला वाटायचं कौतुक करतेय.

आता त्या दिवसाचं.

पहाटे मी तिला चहासाठी हाक मारली. आमच्यात चहा तीच करायची, पण उठवायचं काम माझं. ती उठली नाही. हात लावला तर गार. संजूला हाक मारली. डॉक्टर आला, मान हलवून गेला. उजाडलं, गाव जमलं. मंगल धुळ्याहून निघाली होती, ती आल्याशिवाय काही करायचं नव्हतं. बाया तिच्या शेवटच्या आंघोळीच्या पाण्याची तयारी करायला लागल्या. बंब गळका निघाला. मोठं भगुणं शोधलं तर सापडेना. सुनेनं सांगितलं, "आईनं मळ्यात नेलेलं होतं, पूजेला."

मी आणतो, असं मी म्हणालो. बसून बसून काय करणार होतो?

खोली उघडली. पूजेच्या जागी मी पहिल्यांदाच नीट बघत होतो. इंजनाच्या मागं तीन दगडांची चूल. राख. अर्धवट जळालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. भगुणं बुडाला काळंकुट्ट. शेजारी डब्याचा पत्रा कापून केलेलं, नळीत पाणी ओतायचं नाळकं. इंजनाच्या वरच्या रबरी नळीची पकड ढिली केलेली, ताजी. उदबत्तीचा पुडा पत्र्यात खोचून ठेवलेला. तो फोडलेलाच नव्हता.

मला लिहिता-वाचता कमी येतं, पण तेवढं वाचता आलं. बाई पूजा करतच नव्हती. पाणी तापवून इंजनाच्या पोटात ओतत होती. डिझेल इंजन थंडीत हँडलवर सुरू होत नाही. लोखंड गार असलं की दाबलेली हवासुद्धा गार पडते, मग पिचकारी मारून काय उपयोग? ऑइल घट्ट झालेलं, चाक जड. जवान माणसाचे दंड उतरतात. तेच इंजन आतून तापवलेलं असलं की म्हाताऱ्यालाही ऐकतं. आणि म्हातारा मिशीवर हात फिरवतो.

मी हँडल घेतलं. खटका एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं चाक फिरवायला गेलो. अर्धा फेरा गेलं आणि थांबलं. परत जोर लावला. हललं नाही.

मागं वळून बघितलं तर दारात संजू उभा. त्यानं सगळं बघितलं होतं. माझं हँडल अडलेलं बघितलं, चूल बघितली, भगुणं बघितलं, पुडा बघितला. बोलल्याप्रमाणं इंजन त्याचं झालं होतं. मी तोंड उघडणार नव्हतो.

संजू बाहेर गेला. परत आला तेव्हा काखेत पऱ्हाट्या होत्या.

त्यानं चूल पेटवली, मी विहिरीतून पाणी काढलं. पाणी चांगलं तापल्यावर नाळकं लावून वरच्या नळीत ओतलं. इंजनाच्या अंगावर हात ठेवला, कोमट लागलं. मी चाकापाशी गेलो. तो तिच्या जागी उभा राहिला.

फिरवलं. वेग आला. मी ओरडलो, "सोड!" त्यानं सोडलं. चाक अडलं, हँडलनं हाताला झटका दिला, इंजन एकदा शिंकलं आणि गप.

"मी तं लगेच सोडं, आबा," तो म्हणाला.

"लगेच सोडानं नही. मी सोड म्हनसू तवय सोडानं नही. मी दुसऱ्यांदा ओरडसू, तवय बी नही. कान लाव. तुनी माय तशीच करे."

परत फिरवलं. सोड म्हणालो. त्यानं सोडलं नाही. डोळे मिटून कान लावून उभा होता, मान थोडी वाकडी. दम लागला, परत ओरडलो. त्यानं सोडलं नाही. छाती फुटायला आली तेव्हा टक्‌ झालं.

धाड. धाड. धाड.

पंपावर पट्टा चढवला. नळीतून आधी गार पाणी आलं. मग कोमट. मग हाताला बरं वाटेल असं. मी घागर भरली, भगुणं भरलं. संजूनं भगुणं उचललं, मी घागर खांद्यावर घेतली. दारात तो थांबला.

"आबा, बंद करू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "घरपर्यंत ऐकू जास."